उन्हावर उडणारे

1932 साली भारतीय हवामान खात्याने पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. जमिनीला चिकटून असलेल्या हवेच्या थरात नेमके काय चालते, याचा त्यांना ध्यास होता. त्या वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग तर कोणालाही परसात करून पाहता येईल असा आहे. काळ्या मातीच्या एका तुकड्यावर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरायचा, शेजारचा तुकडा उघडा ठेवायचा आणि दोन्हीकडच्या मातीचे तापमान मोजत राहायचे. माती तीच, डोक्यावरचे ऊन तेच; तरीही भुकटीखालची जमीन शेजारच्या काळ्या तुकड्यापेक्षा स्पष्टपणे थंड राहिली.

उन्हाळ्याच्या भर दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जातो. वर्तमानपत्रात मात्र त्या दिवशीचे तापमान 39 किंवा 40 छापून येते. दोन्ही आकडे खरे असतात. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. म्हणजे तेवढ्या चार फुटांत वीसएक अंशांचा फरक पडतो. आपल्याला हा फरक फार तर अनवाणी पायाला जाणवतो. ग्लायडर उडवणाऱ्याचा मात्र सगळा खेळच त्यावर चालतो. ग्लायडरला इंजिन नसते. उन्हाने तापलेली हवा वर चढते आणि तिच्यासोबत तो चढतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण सगळी जमीन सारखीच तापली, तर सगळी हवा सारखीच गरम होईल आणि ती नेमकी कुठून वर चढेल याचा अंदाजच बांधता येणार नाही. नुसता उकाडा ग्लायडरच्या काही कामाचा नाही. त्याला एक जागा आणि तिच्या शेजारची जागा यांत तफावत लागते, खालची हवा आणि वरची हवा यांतही तफावत लागते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये या दोन्ही तफावती भरपूर असतात.

म्हणून उन्हाळ्यातला एक दिवस आपण पुण्याच्या हडपसरचाच घेऊ. सासवड रस्त्यालगतचे ग्लायडिंग सेंटर हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे. स्वातंत्र्यानंतर या देशात ग्लायडिंग रुजावे म्हणून सरकारने जे प्रयत्न केले, त्यांचा हा वारसा. त्या काळात डीजीसीएच्या तांत्रिक विभागाने स्वतःचे ग्लायडर घडवले आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. यातली रोहिणी विशेष नावाजली गेली. लाकडी बांधणी, आणि शिकवणारा व शिकणारा शेजारी-शेजारी बसतील अशी रचना. विज्ञानाच्या नव्या कामाला शेतकऱ्याच्या पंचांगातली नावे द्यावीत, हे सुचणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटते. पुढे झेकोस्लोव्हाकियात बनलेले, संपूर्ण धातूचे ब्लानिक ग्लायडर भारतात आले आणि कित्येकांचे पहिले उड्डाण त्यांत झाले.

उन्हाळी दिवसाची सुरुवात अंधार फिटता फिटता होते. हँगरचे दार सरकते आणि ग्लायडर हाताने ढकलत बाहेर काढले जातात. एकाने पंखाचे टोक धरायचे, दोघांनी कण्यापाशी जोर लावायचा. मग रोजची तपासणी: पंखांच्या जोडाच्या पिना, सुकाणूंच्या तारा, टायरमधली हवा, केबल अडकवायचा हूक. सकाळी सहाला हवा अगदी स्थिर असते. रात्रभर उघड्या आकाशाखाली जमीन निवत गेलेली असते आणि तिला लागून असलेली हवाही. त्यामुळे खाली गार आणि वर उबदार, अशी उलटी रचना तयार होते. रामदासांचे नाव जगभरच्या हवामानशास्त्रात घेतले जाते ते याच वेळेच्या एका शोधासाठी. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा प्रत्यक्ष जमिनीवर नसते, तर जमिनीपासून हात-अर्धा हात वर असते, असे त्यांनी आणि आत्मनाथन यांनी 1932 मध्ये मोजून दाखवले. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. आज त्या थराला ‘रामदास थर’ म्हणतात.

शिकणाऱ्यांसाठी ही वेळ सोन्याची. या हवेत ग्लायडर कुठेही न हेलकावता जातो, त्यामुळे हातून झालेली प्रत्येक हालचाल स्वच्छ दिसते. समोरच्या काचेवर, म्हणजे कॅनॉपीवर, बाहेरून लोकरीचा एक लालसर धागा चिकटवलेला असतो. ग्लायडर सरळ जात असेल तर धागा मधोमध राहतो, तिरका घसरत असेल तर बाजूला झुकतो. लाखोंच्या विमानातले हे सर्वांत स्वस्त उपकरण आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक. मागच्या सीटवरचा इन्स्ट्रक्टर सारखा एकच सांगत असतो, “धागा बघ, धागा. कुठे गेला? पाय दे.” पुढून “हो सर” येते आणि पेडल दाबले जाते.

ग्लायडर वर जातो तो विंचच्या जोरावर. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण किलोमीटरभर लांब, मोठ्या इंजिनाला जोडलेला ड्रम असतो. त्याची पोलादी केबल या टोकापर्यंत ओढून आणतात आणि ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकाला अडकवतात. मध्ये एक ‘वीक लिंक’ असते. हा ठरावीक ताणाला मुद्दाम तुटेल असा धातूचा तुकडा, कारण ताण अति झाला तर पंखाआधी तो तुटायला हवा. एक जण पंखाचे टोक उचलून पातळीत धरतो, इशारा होतो, केबल ताणली जाते आणि तीन-चार सेकंदांत ग्लायडर जमीन सोडतो. मग नाक आभाळाकडे. मिनिटभराच्या आत, केबलच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे तीनशे-साडेतीनशे मीटरवर, पिवळी मूठ ओढायची, केबल सोडायची, आणि एकदम शांतता.

सकाळी तिथून पुढे सगळा उतारच. ब्लानिकसारखा ग्लायडर एक मीटर खाली येताना अठ्ठावीसएक मीटर पुढे जातो, आणि अगदी हळू उडवला तरी सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास उतरत राहतो. तीनशे मीटर उंचीचा हिशेब करा: सहा मिनिटे, फार तर सात. तेवढ्यात वळणे घ्यायची, मैदानाला समांतर परत यायचे आणि टेकायचे. सकाळच्या नोंदवहीत म्हणूनच सगळी उड्डाणे सहा-सहा मिनिटांची दिसतात.

नऊ-साडेनऊनंतर मैदानाचा नूर पालटतो. ऊन वाढते, धावपट्टीवरची हवा थरथरायला लागते, दूरच्या टोकाचे विंच पाण्यात उभे असल्यासारखे दिसते. चुलीवरच्या पातेल्यात पाणी उकळण्याआधी तळाला बुडबुडे चिकटून राहतात आणि मग एकेक करून सुटतात, तसे आता शिवारात होऊ लागते. नांगरून पडलेले काळे रान, खडकाळ माळ, पत्र्याच्या शेडांची वस्ती, डांबरी रस्ता या जागा आधी तापतात. ऊस, भाजीपाल्याचे मळे आणि कालव्याकाठची झाडी मागे राहते, कारण तिथल्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. कोरड्या काळ्या मातीत उष्णता खोलवरही जात नाही. ती भेगाळलेली, पोकळ असते. वरच्या बोटभर थरातच सगळा ताप साठतो आणि तिथून हवेला मिळतो. तापलेली हवा काही वेळ जमिनीलाच लगटून पसरते. मग वाऱ्याची झुळूक, बांधाचा उंचवटा, चालता ट्रॅक्टर, असे काहीही निमित्त होते आणि तो थर एका जागेतून उसळून वर निघतो. यालाच थर्मल म्हणतात.

थर्मल किती उंच जाईल, हे मात्र खालच्या उन्हावर एकट्यावर अवलंबून नाही. वर चढणारी कोरडी हवा प्रसरण पावते आणि दर 100 मीटरला जवळपास एक अंश थंड होत जाते. हा नियम पक्का आहे. समजा, मैदानाच्या वर 1000 मीटरवर हवा 25 अंश आहे. जमिनीवरून 30 अंशांची हवा निघाली तर तिथे पोचेपर्यंत ती 20 अंशांची होईल, म्हणजे आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड, म्हणून जड. ती मुळात तिथवर पोचणारच नाही, खालीच थबकेल. जमिनीजवळची हवा 35 अंशांना आली की दार उघडते. अनुभवी माणसे म्हणून सकाळपासून घड्याळाकडे कमी आणि तापमापकाकडे जास्त बघतात. रात्रीची उलटी रचना खालून हळूहळू कुरतडली जाते आणि एका विशिष्ट अंशाला ती मोडते. त्याआधी लाँच घेतलेल्यांना सात मिनिटे मिळतात. त्यानंतर अर्ध्या तासाने तेच मैदान, तोच ग्लायडर, तोच माणूस असताना दोन तास मिळू शकतात.

गंमत म्हणजे वर गेल्यावर थर्मल आणि आजूबाजूची हवा यांत फरक उरतो तो जेमतेम एखाद्या अंशाचा, कधी त्याहूनही कमी. त्वचेला तो कळत नाही, डोळ्यांना तर नाहीच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन तरुण वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागले. 1920 मध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली. तेव्हा ते डोंगराला आपटून वर वळणाऱ्या वाऱ्यावरच तरंगत. उताराची साथ सुटली की खाली. 1928 च्या सुमारास रोबर्ट क्रोनफेल्ड याने बलूनवाल्यांकडचे एक उपकरण ग्लायडरमध्ये आणले, व्हेरिओमीटर. रचना अगदी साधी: एका थर्मासमध्ये हवा कोंडलेली, तिला बाहेर पडायला एक बारीक वाट. ग्लायडर वर चढू लागला की बाहेरचा दाब कमी होतो, थर्मासमधली हवा बाहेर पळते आणि काटा वर सरकतो. खाली जाऊ लागला की उलट. अदृश्य हवेची हालचाल पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आली. आजही कित्येक ग्लायडरमध्ये सीटमागे तो छोटा थर्मास असतो, चहासाठी नसलेला.

दुसरे पाऊल वोल्फ हिर्थ या वैमानिकाचे. अपघातात एक पाय गमावलेला हा माणूस 1930 मध्ये अमेरिकेत एल्मायरा इथे उडत होता. तोवर समजूत अशी की थर्मल शोधायचे तर फुगीर पांढऱ्या ढगाखाली जायचे. हिर्थने ढगाचा ठिपकाही नसलेल्या निळ्या आभाळात, एका थर्मलमध्ये गिरक्या घेत उंची मिळवली, ती खर्चून पुढचे थर्मल गाठले, आणि डोंगरउताराचा आधार सोडून पन्नासएक किलोमीटर अंतर कापले. हडपसरच्या एप्रिलमधल्या वैमानिकाला हाच हिर्थ जवळचा. कारण आपल्याकडे त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की ढग धरतच नाहीत. ढगाच्या तळाचा अंदाज करायला एक सोपा आडाखा आहे: तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्या आणि प्रत्येक अंशाला 125 मीटर धरा. 40 अंश तापमान आणि 10 अंश दवबिंदू असेल तर ढगाचा तळ येतो 3750 मीटरवर. बहुतेक थर्मल त्याआधीच दमतात. आभाळ रिकामे राहते आणि खुणा जमिनीवर शोधाव्या लागतात.

किंवा घारींकडे बघायचे. फुरसुंगी-उरुळीच्या कचरा डेपोमुळे या बाजूला घारींना तोटा नाही. पंख न हलवता गोल फिरत वर जाणारी घार दिसली की समोरच्या सीटवरचा माणूस काही न बोलता तिकडे वळतो. पक्षीतज्ज्ञ कॉलिन पेनिक्विक यांनी याच्या उलटही केले. 1970 च्या दशकात त्यांनी आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत इंजिनाचा ग्लायडर नेला, इंजिन बंद केले आणि गिधाडांच्या सोबतीने उडत त्यांच्या उड्डाणाचा अभ्यास केला. घारीचा फायदा असा की ती वजनाने हलकी, तिचे वर्तुळ लहान, आणि थर्मलचा गाभा ती क्षणात हेरते. ग्लायडरला तेवढे अरुंद फिरता येत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने आणि 40 अंशांच्या कलाने फिरणाऱ्या ग्लायडरच्या वर्तुळाची त्रिज्या 60 मीटर भरते आणि एक फेरी साधारण 17 सेकंदांची. थर्मल अरुंद असेल तर अर्धी फेरी चढणाऱ्या हवेत आणि अर्धी उतरणाऱ्या हवेत जाते, आणि हाती काही लागत नाही. मग कल वाढवायचा. पण कल वाढला की पंखांवर भार वाढतो आणि सुरक्षित राहायला वेगही थोडा जास्त लागतो. त्याने वर्तुळ पुन्हा थोडे मोठे होते. हे सगळे हिशेब करायला कोणी बसत नाही. आधी सीटला खालून हलका धक्का लागतो, मग एक पंख किंचित उचलला जातो, मग काट्याला जाग येते. जो पंख उचलला गेला, त्या बाजूला थर्मल. शिकाऊ हाताला नेमकी उलटी ओढ असते, कारण ग्लायडर स्वतःच त्याला थर्मलपासून दूर ढकलत असतो. चांगला इन्स्ट्रक्टर इथे स्टिकला हात लावत नाही. तो फक्त विचारतो, “कोणता पंख वर गेला?”

दुपारी बारा ते तीन या वेळेत वरच्या माणसाची चैन असते आणि खालच्या माणसांची परीक्षा. हजार मीटरवर गेलेल्याला दहा अंश गार हवा मिळते. लोहगावच्या हवाई नियंत्रणाने जितकी उंची दिली असेल तितकाच हा गारवा, कारण शेजारी मोठा विमानतळ आहे. खाली मात्र सावली म्हणजे पंखाची. ब्लानिकच्या धातूच्या कवचाला उघडा हात लावला तर चटका बसतो. कॅनॉपी बंद करून दोन मिनिटे लाँचसाठी थांबले की आत भट्टी होते, म्हणून केबल अडकवेपर्यंत ती उघडीच धरायची. पण उघड्या कॅनॉपीचा बाक भिंगासारखा ऊन एका ठिकाणी गोळा करू शकतो आणि सीटच्या कापडाला डाग पडू शकतो. त्यामुळे उभ्या ग्लायडरवर पांढरे कापड टाकलेले बरे. वैमानिकाच्या डोक्यावर कापडी टोपी असते, तीही पुढे झाप नसलेली, म्हणजे वर बघताना आडोसा होत नाही. सोबत पाण्याची बाटली. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचे, हा नियम इथे काटेकोरपणे पाळावा लागतो. शरीरातले पाणी कमी झाले तर पहिला घाला हातापायांवर येत नाही, निर्णयावर येतो. उतरायचे कधी, उंची किती उरली, वारा फिरला का, हे प्रश्न माणूस स्वतःला विचारायचेच विसरतो.

सगळीकडचे आधुनिक ग्लायडर पांढरेच का असतात, असे लोक हमखास विचारतात. ते शोभेसाठी नाही. काचतंतू आणि इपॉक्सी रेझिन यांच्या बांधणीत रेझिन तापले की मऊ पडू लागते. त्यामुळे अशा ग्लायडरची मजबुती साधारणपणे 54 अंश तापमान धरून तपासली जाते, आणि कडक उन्हातही कवच त्याच्या आत राहावे म्हणून पांढरा रंग. रामदासांच्या खडूच्या भुकटीने मातीसाठी जे केले, तेच.

उन्हाचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. गरम हवा विरळ असते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. डिसेंबरच्या पहाटे अकरा-बारा अंश तापमान असताना इथली हवा पुस्तकातल्या याच उंचीच्या प्रमाण हवेसारखीच असते. पण त्याच मैदानावर 40 अंश तापमान झाले, तर हवेची घनता 1600 मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी उतरते. म्हणजे पंखांच्या दृष्टीने अख्खे हडपसर महाबळेश्वरहून उंच गेलेले असते. वेगमापकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवरून ग्लायडर प्रत्यक्षात त्या आकड्यापेक्षा आठएक टक्के जास्त वेगाने धावत असतो. टेकताना ब्रेकने जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे काट्यावरच्या आकड्याच्या हिशेबापेक्षा सुमारे 17 टक्के जास्त. दुपारी उतरणारा म्हणूनच मैदान नेहमीपेक्षा जास्त खातो. त्यात शेवटच्या वळणावर एका बाजूने थर्मल उचलतो आणि दुसऱ्या बाजूची उतरती हवा खाली खेचते. दोन्हींचा धाक सारखाच, पण चुकीला जागा फक्त उतरत्या हवेत कमी. दुपारच्या फेरीत थोडी जास्त उंची आणि थोडा जास्त वेग राखायचा, लागलीच तर एअरब्रेक उघडून ती उंची टाकायची, हा दंडक सगळीकडे आहे. उरलेली उंची टाकता येते. नसलेली आणता येत नाही.

जमिनीवर उभ्या असलेल्यांना या वेळी सर्वांत जास्त भीती वावटळीची. उन्हाळ्यात शेतातून पाचोळा आणि धूळ घेऊन गरगरत जाणारा खांब आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो थर्मलचा तळच असतो, धुळीमुळे दिसू लागलेला. वरच्या वैमानिकाला ती आयती खूण. पण पुरेशी उंची असेल तरच, खालून तिच्यात शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. खाली उभा, रिकामा ग्लायडर तिच्या वाटेत आला तर पंखच त्याचे वैरी होतात, कारण उचलले जाण्यासाठीच तर ते बनवलेले असतात. म्हणून वाऱ्याकडच्या पंखाच्या टोकावर जुने टायर ठेवायचे, एअरब्रेक उघडे ठेवायचे आणि माणूस जवळ ठेवायचा. “वावटळ आली, पंखावर बसा रे,” अशी हाक आली की चहाचा ग्लास टाकून सगळे पळतात. केबल अडकवलेली असेल तर लाँच थांबवायचे, यावर कोणी वाद घालत नाही.

याच उन्हाचे मोठे रूप जगाच्या कोरड्या भागांत बघायला मिळते. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्सच्या वाळवंटावर हान्स-वेर्नर ग्रोसे याने 1980 च्या दशकात हजार किलोमीटरहून मोठे त्रिकोण ग्लायडरने पूर्ण केले. नामिबियात कलहारीच्या कडेला बिटरवासर नावाचे मैदान आहे. तिथून पहिल्यांदा हजार किलोमीटरचे उड्डाण करणारा वैमानिक ताडाचे एक झाड लावतो, आणि अशा झाडांची तिथे लांबलचक रांगच उभी राहिली आहे. हडपसरच्या आभाळात विमानतळामुळे असे लांब पल्ले शक्य नाहीत. पण ग्लायडिंगमधल्या रौप्य बिल्ल्याच्या तीन अटी कोणत्या, तर सलग पाच तास उड्डाण, 1000 मीटर उंचीची कमाई आणि 50 किलोमीटर अंतर. त्यातली पाच तासांची अट घ्या. एखाद्या कोरड्या एप्रिलच्या दिवशी अकराला थर्मल सुरू झाले तर चारपर्यंत ते टिकतात, आणि आभाळ स्वतःच हा पेपर काढून बसलेले असते.

चारनंतर मात्र पश्चिमेकडे लक्ष ठेवायचे. कोकणकिनारा पुण्यापासून शंभरएक किलोमीटर. सकाळपासून तापलेल्या पठाराकडे समुद्रावरची हवा ओढली जाते, घाट चढते आणि उन्हाळ्यात दुपार उलटल्यावर, कधी संध्याकाळी, पुण्यात पोचते. पुणेकरांना ही झुळूक ओळखीची: अचानक वारा पश्चिमेचा होतो, हवेत ओल येते, घाम सुखद वाटू लागतो. ग्लायडरवाल्याला तिची कडा महत्त्वाची. गार, जड सागरी हवा पुढे घुसते तेव्हा तिच्यासमोरची गरम हवा वर ढकलली जाते, आणि त्या रेषेवर चढाईची एक लांब पट्टी तयार होते. इंग्लंडमधल्या लॅशमच्या ग्लायडर मैदानावर जॉन सिम्प्सन यांनी या सागरी वाऱ्याच्या आघाडीचा ग्लायडरच्या मदतीनेच वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. कडा पुढे निघून गेली की मात्र खेळ संपतो. गार हवेची गादी जमिनीवर पसरते, थर्मल मरतात, आणि व्हेरिओमीटरचा काटा सकाळसारखाच निमूट शून्याखाली बसतो. शिकणाऱ्यांची दुसरी पाळी तेव्हा लागते. पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, करायचा असेल त्याला इन्स्ट्रक्टर बहुधा सकाळी नाहीतर आता पाठवतो, भर दुपारी नाही.

एप्रिल संपता संपता वळवाचे दिवस येतात आणि तेव्हा तीच चढती हवा वेगळीच वागते. खाली ओल आली की वर ढग धरतो, आणि ढग धरताना वाफेतली सुप्त उष्णता बाहेर पडते. थर्मलला मिळणारे हे जादा बळ साधे नाही. 1926 मध्ये माक्स केगेल हा जर्मन वैमानिक वादळी ढगात ओढला गेला, खूप उंच फेकला गेला आणि 55 किलोमीटर दूर जाऊन जिवंत उतरला. तोवरचा तो अंतराचा विक्रम ठरला, पण त्याची इच्छा काही ती नव्हती. त्याच्यानंतर ढगात शिरलेले सगळेच परतले नाहीत. म्हणून सासवडच्या बाजूला डोंगरावर काळा उभा ढग दिसला, की हडपसरला दिवस संपला असे समजायचे. ढग दूर असला तरी त्याच्या पोटातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून दहा-पंधरा किलोमीटर धावत येते, धुळीची भिंत घेऊन. तेव्हा वरच्यांना रेडिओवरून खाली बोलवायचे, ग्लायडर आत घ्यायचे, केबल गुंडाळायची.

वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी नवख्यांचा हमखास अंदाज चुकतो. आभाळ धुऊन निघालेले, ऊन लख्ख, तापमापक दुपारी 37-38 दाखवतो; कालपेक्षा दोनच अंश कमी. पण लाँचमागून लाँच होतात आणि सगळे सात-आठ मिनिटांत खाली. ओली काळी माती उन्हाचा मोठा भाग वाफ करण्यात घालवते, मळा आणि माळ यांतला फरक पुसला जातो, थर्मल उशिरा उठतात आणि लवकर दमतात. पुन्हा चांगला दिवस हवा असेल तर नांगरलेल्या रानाचा वरचा थर परत सुकावा लागतो. खडकाळ माळ आधी सुकतो, मग रस्त्याकडेची पांढरट जमीन, आणि काळे रान सर्वांत शेवटी. त्या दिवसांत पहिले थर्मल शोधायचे ते दिवे घाटाच्या बाजूच्या उघड्या खडकांवर.